दोन माणसांची गाडी

१९ सप्टेंबर १९९६, सांगली

डॉक्टर म्हणाला, कोळेकर, तुमचं ब्लडप्रेशर गोळ्यांनी उतरायचं न्हाई, तोंड बंद ठेवल्यानं उतरंल. राग आला की बोलू नका, वहीत लिवा. एवढं सांगायला फी घेतली. हाच सल्ला आमची आई वाडीत फुकट देत होती. तरी वही आणली, बघू या.

तर पहिला राग आजच. सकाळी चहा देता देता आमची बायको सुलाबाई म्हणाली, "दसरा झाला की मी वाडीला जाणार. कायमची. चार मेंढरं पाळीन आन ऱ्हाईन." म्हणाली आन कपबशा उचलून आत गेली. भांडण न्हाई, रडणं न्हाई, काही न्हाई. जसं काय पीठ संपलंय म्हणून सांगितलं.

आता ह्याला काय म्हणावं? पंचवीस वर्षं मी कोइमतूरला गलाईचं दुकान केलं. भट्टीपुढं बसून लोकांचं जुनं सोनं वितळवलं, धुरानं छाती पोखरली. वर्षातनं एकदा जत्रेला घरी यायचं, परत जायचं. ही वाडीत मेंढरं, पोरं आन माझी आई सांभाळत होती. आता पोरगा इंद्रजित तिकडचं दुकान बघतोय. मी इथं विश्रामबागेत सहा खोल्यांचा बंगला बांधला, हिला कवठे महांकाळच्या त्या उजाड माळावरनं उचलून आणली, नळ उघडला की पाणी, बटण दाबलं की उजेड. वर्ष झालं न्हाई तर हिला मेंढरं आठवली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

तिथल्या तिथं कारण विचारलं असतं. पण थोरला भाऊ अर्जुनादादा, वहिनी आन दादाची दोन पोरं नाष्ट्याला बसलेली. त्यांच्यापुढं नवरा-बायकोचं काय काढायचं? दादा पावसाळ्याच्या आधीपासून आमच्याकडंच हाय. मेंढरांची दलाली करतो, मिरजेचा बाजार इथनं जवळ पडतो. मीच म्हटलं ऱ्हा. घर काय भुतांसाठी बांधलंय?

२२ सप्टेंबर

रागावर उपाय काढला. गाडी.

जीप हाय की, पण जीप म्हणजे भाऊकीची. लग्नाला जीप, मयताला जीप, बाजाराला जीप. परवा तिच्यातनं शेरडं नेली. माझ्या मनात हाय ती गाडी वेगळी. कोइमतूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गिरणीवाल्याचा बंगला होता. दर रविवारी त्याची बुटकी, लांब नाकाची परदेशी गाडी समोरनं जायची. आवाज असा, की भट्टी सोडून मी दारात येऊन उभा ऱ्हायचो. शेठ चालवायचा, शेजारी शेठाणी, डोक्याला रुमाल बांधलेली, त्याच्याशी काहीतरी बोलत असायची. तवाच ठरवलं होतं, आपण एक दिवस अशी घेणार.

असल्या गाडीतनं फिरणारी बाई मेंढरं राखायला जाईल का? न्हाई जायची. साधा हिशोब.

तपास केला तर दोन गाड्या निघाल्या. दोन्ही एकाच जर्मन कंपनीच्या. कंपनीचं नाव लिहीत न्हाई, नाव काढलं की घरात बघायला पाहुणे वाढतात. एक हाय पाटणला, जुनी, माझ्या लग्नाच्या आधीची. कोयनेच्या धरणाच्या कामावर परदेशी साहेब आलता, त्यानं आणलेली. साईच्या रंगाची, चामड्याच्या गाद्या, पुढं चकचकीत लाकूड, वरचं कापडी छप्पर मागं टाकता येतं. दुसरी मिरजेला, दुबईहून परत आलेल्या एका इंजिनियरची. चंदेरी, तीन वर्षांचीच. थंड हवा, गाणी, बटणावर उघडणाऱ्या काचा. पळायला दोन्ही वाऱ्यासारख्या.

फरक एवढाच की जुनीत दोनच माणसं बसतात. मागं सीटच न्हाई. नवीत मागं दोन छोट्या सीटा हायेत. माझं मन आपलं उगाच जुनीकडं ओढ घेतंय. का, ते मलाही कळत न्हाई. म्हातारपणीचं खूळ असंल.

२५ सप्टेंबर

आज पाटणला जाऊन आलो आन अपमान करून घेऊन आलो.

बरोबर दादा आन त्याची दोन्ही पोरं. गाडीचा मालक यल्लाप्पा बनसोडे, धरणाच्या मोटार वर्कशॉपात फोरमन होता, आता सत्तरीकडं झुकलाय. परदेशी साहेब जाताना गाडी त्यालाच देऊन गेला. माणूस नेटका, पांढरा शर्ट, भिंतीवर बुद्धाची तसबीर. डोळ्याला मोतीबिंदू, म्हणून गाडी काढायची. त्याच्या मास्तरीण मुलीनं, आम्रपालीनं, चहा दिला. इथवर सगळं गोड.

गाडी शेडमध्ये उभी होती. आई शप्पथ सांगतो, कोइमतूरची ती गाडी हीच असावी असं वाटलं. मी आत बसलो. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर हात ठेवला. का ठेवला कुणास ठाऊक.

तेवढ्यात दादानं टायर दाबले, बॉनेटखाली वाकून बघितलं आन सगळ्यांच्या देखत म्हणाला, दात पडलेली म्हातारी हाय, खाटकाला द्यायची. मग खांद्यावरचा टॉवेल काढून बनसोडेंच्या हातावर टाकला आन आत बोटं घातली. मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला कळू नये. बनसोडेंनी हात काढून घेतला. म्हणाले, पाहुणं, हे मेंढरू न्हाई, तोंडानं बोला. दादा चिडला. मीही चिडलो, भावाचा टॉवेल असा झटकायचा?

मग त्यांनी मला विचारलं, मालकीणबाई कुठं हायेत. मी म्हटलं घरी, तिला गाडीतलं काय कळतंय.

तर म्हणाले, "ही दोघांची गाडी हाय. दोघांनी येऊन बसून बघा, मग किमतीचं बोलू. एकट्याला मी देत न्हाई."

एकट्याला! आम्ही चौघं गेलतो, चौघं! म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय हे खरं, पण एवढंही दिसू नये? पैसे माझे, गाडी मी चालवणार, आन ह्याला माझी बायको बघायची. आयुष्यात मी असला विक्रेता बघितला न्हाई. येताना दादा कऱ्हाडपर्यंत बडबडत होता आन मी त्याला दुजोरा देत होतो.

घरी आल्यावर सुलाबाईनं विचारलं, कशी हाय गाडी. मी सांगणार तेवढ्यात दादानंच सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन भाकऱ्या थापायला गेली. आज ताटं अकरा होती, दादाचे साडूही आलते.

२८ सप्टेंबर

पितरांचा पंधरवडा लागला. गाडीचं नाव काढायचं न्हाई असं दादानं बजावलंय. ठीक.

संध्याकाळी सुलाबाई म्हणाली, घाटावर जाऊ या का, कृष्णेला पाणी चढलंय म्हणतात. मला बरं वाटलं, म्हटलं हिचं मन रमायला लागलं. लगेच जीप काढली, दादा, वहिनी, पोरं, साडू, सगळ्यांना गोळा केलं. मोठ्या हौसेनं हाक मारली तर बाई म्हणते, माझा पाय दुखतोय, तुमी जावा.

आता सांगा! जिनं काढलं तीच घरी. एवढी माणसं हिच्यासाठी गोळा केली आन हिचा पाय दुखतोय. घाटावर सगळ्यांनी भेळ खाल्ली. मला गोड लागली न्हाई.

३ ऑक्टोबर

पितरांत घ्यायची न्हाई, पण बघायला हरकत न्हाई असं दादाच म्हणाला, म्हणून मिरजेला नवी गाडी बघायला चक्कर मारली. आता मी पक्का झालोय, नवीच घ्यायची. जुनी म्हणजे खूळ.

इंजिनियर पोरगा सभ्य, चहा न्हाई, थंड दिलं, बायको-बियको काही विचारलं न्हाई. अंकलीच्या रस्त्याला गाडी काढली. पुढं मी आन तो, मागं दादा. दादाचे गुडघे हनुवटीला टेकलेले, पटका छपराला घासत होता, पण हटला न्हाई. म्हणाला, "हीच घे नाना. हिच्यात माणूस बसतंय. घरात गाडी आली आन भावाला जागा न्हाई, ही कसली गाडी?" खरं हाय. आपल्यात गाडी एकट्याची नसती. देवाला जायचं, सोयरिकीला जायचं, तर माणसं बसली पाहिजेत.

रात्री इंद्रजितचा फोन. तोही नवीच म्हणाला. आबा, जुनी घेतली तर लोक हसतील, भंगार घेतलं म्हणतील. मग आईला दे म्हणाला. सुलाबाई फोनवर एवढंच बोलली, "व्हय. बरी हाय. जेवलास का." पोरगं चार हजार रुपये पगाराचे तीन कारागीर सांभाळतंय, त्याला जेवलास का! घरातल्या मोठ्या निर्णयात हिचा एक शब्द न्हाई. मी ह्या बाईला समजून घेऊन घेऊन थकलो.

सगळ्यांना विचारलं. दादाला, पोराला, डॉक्टरला, गॅरेजवाल्याला. परवा बिरोबाला जाऊन देवालासुद्धा विचारून आलो. एकानंही जुनी म्हटलं न्हाई. माझं मन मात्र अजून त्या पाटणच्या शेडमध्येच जाऊन बसतंय. मनाला दम भरला.

९ ऑक्टोबर

सुलाबाईनं माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. उन्हात ठेवली, पुसली, आत लुगडी घडी करून ठेवली. मी बघत होतो. मी बघतोय हे तिलाही कळत होतं. दोघंही बोललो न्हाई. बोलणार कसं, अंगणात वहिनी पापड वाळत घालत होती आन ओसरीवर दादाकडं आलेले दोन व्यापारी मेंढीच्या लोकरीचा भाव काढत होते.

व्यापारी गेल्यावर विचारीन म्हटलं, तर ते जेवायलाच थांबले. त्यांना वाढून झाल्यावर तिनं मला विचारलं, आज रात्री कोण येणार न्हाई न्हवं? मी तिला खूश करायला सांगितलं, येणार की, दादाचा व्याही येतोय, मटण आणलंय. ती मसाला वाटायला बसली. तिला माणसांची सवय हाय, वाडीत चारशे मेंढरं आन पंधरा माणसं असायची. म्हणून तर मी घर ओकंबोकं पडू देत न्हाई. एवढं करून हिची ट्रंक भरतीच हाय. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानं ती ट्रंक कृष्णेत टाकली असती.

१३ ऑक्टोबर, घटस्थापना

शब्द दिला. मिरजेच्या इंजिनियरला नारळ-सुपारी आन विसार देऊन सांगितलं, दसऱ्याला गाडी न्यायला येतो. दादानं सगळ्या भाऊकीला निरोप धाडले.

घरी येऊन मी सुलाबाईला चुलीपुढं गाठली. चूल म्हणजे गॅस, पण त्याच्यापुढं ती चुलीपुढं बसल्यासारखीच असती. म्हटलं, घेतली, नवी, चंदेरी, आता म्हण काय म्हणतीस.

"बरं," म्हणाली.

बरं! मी आयुष्याची हौस हिच्यापुढं ठेवली आन ही म्हणती बरं. म्हटलं, अगं तुझ्यासाठी मागं सीट असलेली घेतली, तुला माणसं लागतात म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं ते लिहायला मला जमत न्हाई. म्हणाली, "मला?" आन पुढं बोलणार तेवढ्यात पोरं पाणी मागायला आली.

१६ ऑक्टोबर

पाटणच्या बनसोडेंना न्हाई म्हणून सांगायला जायचं होतं. फोनवर सांगणं बरं दिसत न्हाई. म्हातारा तिरसट असला तरी माझी वाट बघत असणार. दादा नवरात्राला वाडीला गेलाय, पोरंही त्याच्याबरोबर. एकटाच निघालो तर सुलाबाई चपला घालून दारात उभी. म्हणाली, मी येते.

म्हटलं, न्हाई म्हणायला तर चाललोय, तू कशाला? तरी येते म्हणाली. जीपमध्ये पुढं येऊन बसली.

आता खरं लिहितो, कारण हे वाचणार कोण हाय. लग्न होऊन तीस वर्षं झाली, आम्ही दोघंच कुठं गेलोय असं मला आठवत न्हाई. लग्नात वऱ्हाड, देवाला भाऊकी, दवाखान्यात आई. आष्ट्यापर्यंत मला काय बोलावं कळंना. मग तीच बोलायला लागली. शेताचं, पोराचं, माझ्या खोकल्याचं. मी तिला विचारलं, तुला इथं काय कमी हाय. ती म्हणाली, "काही कमी न्हाई. जादाच हाय." मला वाटलं सामानाचं म्हणती. मी म्हटलं, थोडं सामान वाडीला पाठवून देऊ. त्यावर ती जी हसली ती पेठ नाक्यापर्यंत हसत होती. मला राग आला. ह्यात हसण्यासारखं काय होतं?

पाटणला बनसोडेंनी तिलाच आधी नमस्कार केला. मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, ते मग बघू, बाईंना आधी बसू द्या. ती बसली. तिला एवढं खाली बसायचं म्हणजे पाय कुठं टाकावं कळंना, पदर दारात अडकला, आम्रपालीनं सोडवला. मग मलाही बसवलं. शेडमध्ये गाडी उभी, आन आम्ही दोघं आत बसलेलो.

बनसोडे बाहेर उभं ऱ्हाऊन सांगत होते. भूकंपात कोयनानगरचं त्यांचं क्वार्टर पडलं. बाकीची माणसं गावाला धाडली आन परत घर मिळेपर्यंत ते आन त्यांची बायको ह्याच गाडीत ऱ्हात होते. झोप यायची न्हाई, पाय लांब करता यायचे न्हाईत, रात्रभर बोलत बसायचे. म्हणाले, "तोवर आमच्या घरात नऊ माणसं होती. माझ्या बायकोची न् माझी खरी ओळख भूकंपानंच करून दिली." बायको जाऊन दोन वर्षं झाली. सांगताना त्यांचा आवाज बदलला न्हाई, पण आम्रपाली आत गेली.

मी घसा खाकरला आन उतरलो. म्हटलं, बनसोडेसाहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण मी मिरजेला शब्द दिलाय. वाक्य पुरं व्हायच्या आधी सुलाबाई गाडीतनं उतरली. कमरेची पिशवी सोडली. भंडारा काढला. गाडीच्या नाकावर पिवळी बोटं ओढली, मग दोन्ही दारांवर, मग हात जोडले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. वाचणाऱ्याला, म्हणजे मलाच, सांगून ठेवतो. आमच्यात मेंढरू गड्यांनी बघायचं, गड्यांनी भाव करायचा. पण घरच्या बाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला की ते घरचं झालं. मग ते लंगडं निघो, आंधळं निघो, परत करता येत न्हाई. बिरोबाची साक्ष असती. ज्यानं परत केलं त्याचा कळप टिकत न्हाई असं म्हणतात. माझ्या आज्यानं अशी एक लंगडी मेंढी मरेपर्यंत खांद्यावर वाहिली होती. आन ह्या बाईनं भंडारा लावला कुठं, तर मोटारीला!

मी म्हटलं, अगं हे काय केलंस? ती म्हणाली, "झालं की आता." एवढंच.

बनसोडे पुढं आले. हातानं चाचपून ते पिवळं बघितलं. म्हणाले, मी देव-बिव मानत न्हाई. पण बाईंनी हात लावला, सौदा झाला.

दोन शहाणी माणसं भेटली आन मला पार खुळा करून टाकलं.

१७ ऑक्टोबर

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. असा अपमान कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी पुरुष, मी कर्ता, मी शब्द दिलेला. मला न विचारता हिनं गाडी ठरवली! एका शब्दानं विचारलं न्हाई! माणसानं माणसाला विचारू नये? जिच्यासाठी एवढं करतोय तिनं आपल्याला विचारू नये?

सकाळी दादा वाडीहून तडक आला. बातमी तिथं त्याच्यापर्यंत एवढ्यात कशी पोचली देवाला ठाऊक. ओसरीवर भाऊकी बसवली. म्हणाला, भंडारा धुऊन टाका, मोटारीला कधी भंडारा लागतो का, बाईमाणसाचं खूळ ते. दुसरा म्हणाला, भंडारा तो भंडारा, कशालाही लागो. त्यावरनं तास-दीड तास वाद. मेंढराला चार पाय, गाडीला चार चाकं, इथपर्यंत गेले. चहा तीनदा झाला. चहा कोण करत होतं, तर जिच्यावर वाद चाललाय तीच.

शेवटी मी उठलो आन आत गेलो. स्वयंपाकघरात भाऊकीतल्या दोन वहिन्या होत्या, त्यांना म्हटलं बाहेर बसा. त्या हबकल्या. मी दार लोटलं. त्या बंगल्यात स्वयंपाकघराचं दार मी पहिल्यांदा लोटलं, कडी कुठं हाय तेही सापडंना.

म्हटलं, सुले, खरं सांग. तीच गाडी का?

ती चहाचं पातेलं उतरवत होती. उतरवून खाली ठेवलं आन म्हणाली, "हिच्यात मागं कुणाला बसता येत न्हाई म्हणून."

मला कळंना. म्हणून तिनं पुढं सांगितलं. सावकाश सांगितलं, पोराला शिकवावं तसं.

"तुमी जत्रेला यायचा, तवा घरात पन्नास माणसं असायची. तुमचं ताट वाढायला मला मिळायचं न्हाई. मी म्हणायची, असू दे, म्हातारपणी सोबत ऱ्हाऊ. आता आलोय तर रोजच जत्रा हाय. आवं, एकटीच ऱ्हायचं असंल तर मी वाडीत ऱ्हाते की. मेंढरं तरी माझी हायेत."

मी तिथंच पाटावर बसलो. पंधरा-वीस माणसं बाहेर माझी वाट बघत होती आन मला उठवत नव्हतं. मला माझाच एवढा राग आला की डॉक्टरनं मोजला असता तर यंत्र फुटलं असतं. बाहेर दादा हाका मारत होता. मी पहिल्यांदाच ओ दिली न्हाई.

दुपारी मिरजेला जाऊन इंजिनियरचे हात धरले. भला पोरगा. म्हणाला, काका, घरच्यांना आवडलेलीच घ्या. विसारही परत दिला. त्याचाही मला राग आला. त्यानं तरी शिव्या द्यायच्या.

दसरा

सकाळी आम्रपालीच्या मामेभावानं गाडी दारात आणून लावली. नाकावरचा भंडारा तसाच. बनसोडेंनी धुऊ दिला नव्हता.

गल्ली लोटली. सोनं वाटायला म्हणून भाऊकीही आलेली, दादा तर नवा पटका बांधून. सुलाबाई ओवाळायचं ताट घेऊन आली, हिरवं लुगडं, नाकात नथ. नारळ फोडला. मी चालवायला बसलो आन दार उघडून दादा शेजारी बसला.

तसा त्यात दोष न्हाई. थोरला भाऊ, नवी वस्तू, पहिला मान त्याचा. जन्मभर असंच चालत आलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, चल, गणपतीला घेऊन चल. मी किल्ली फिरवली आन सहज दाराकडं बघितलं. सुलाबाईनं ताट वहिनीच्या हातात दिलं होतं आन ती आत चालली होती. चेहऱ्यावर राग न्हाई, रुसवा न्हाई, जशी काय तिला हेच ठाऊक होतं. ओसरीत ट्रंक होती. तिला कुलूप लावलेलं होतं. दुपारच्या यष्टीनं ती वाडीला जाणार होती. ते मला तवा पहिल्यांदा खरं वाटलं.

मी किल्ली बंद केली.

"दादा, उतर. ती तिची जागा हाय."

दादाला ऐकू आलं न्हाई असं वाटून मी परत म्हटलं. टाळ्या थांबल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी थोरल्या भावापुढं असा बोललो न्हवतो. दादा माझ्याकडं बघत बसला. मग उतरला, धोतर झटकलं आन म्हणाला, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास तू नाना. वहिनीला हाक मारली, पोरांना हाक मारली, पिशव्या भरा म्हणाला. साठ वर्षांचा माणूस, त्याचे डोळे भरले होते. मला लाज वाटली. आन लाज वाटल्याचा रागही आला. ह्याला पाच महिने मी ठेवून घेतला, जेवू घातला, आन हिच्या एका जागेवरनं हा माझा भाऊ न्हाई! थांब म्हणावं असं शंभरदा वाटलं. म्हटलं न्हाई. उद्या वाडीला जाऊन त्याच्या पाया पडीन. पण एकटा जाणार न्हाई, हिला बरोबर घेऊनच जाणार.

आत गेलो. ती ट्रंकेवर बसली होती.

चल म्हटलं.

भावाला उतरवलं का, म्हणाली. व्हय म्हटलं. लोक काय म्हणतील म्हणाली. म्हटलं, जे म्हणायचं ते म्हणून झालंय.

ती उठली. तासगावच्या रस्त्याला लागलो. छप्पर मागं टाकलेलं, लोक वळून वळून बघत होते, पोरं मागनं पळत होती. तिनं पदर दातात धरला होता. मला वाटलं घाबरली. गाडी काय, जरा पाय दाबला की उधळायची, द्राक्षाच्या बागा सरासर मागं जात होत्या. मला चेव चढला. म्हटलं दाखवावं हिला, काय चीज घेतलीय.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घ्या की जरा," म्हणाली. "अशानं एवढ्यात परत घर येईल."

मी हळू घेतली. बैलगाडी पुढं जाईल एवढी हळू. मागनं यष्टीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, खिडकीतनं डोकं काढून शिव्या देत होता. मारू दे म्हटलं. रस्ता काय त्याच्या बापाचा हाय?